टर्बोच्या आधी पिस्टन

पिंप्राळ्याच्या एका गॅरेजात फुटका पिस्टन हातात घेतला, तेव्हा कुठं मला थर्मो समजलं! गाडी रूम पार्टनरची. टर्बोचा दाब वाढवला, पिस्टन मात्र मूळचेच ओतीव ठेवले. नॉकिंगने दोन रिंगांमधली कड तुटली आणि वर्षाची बचत गेली.

मित्रांनो, दाब वाढला की पिस्टन तापतो, रॉड दाबला जातो. आरपीएम वाढले की रॉड ताणला जातो, तोही वर्गाच्या पटीत: ६००० चे ७२०० केले तर ताण १.४४ पट! तेव्हा रॉडसोबत त्याचे बोल्टही बघा.

घडीव पिस्टनमध्ये ४०३२ मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. तो कमी फुगतो, म्हणून रोजच्या गाडीला बरा. २६१८ जास्त चिवट, पण फट जास्त लागते. थंड इंजिन खडखडतं.

आधी गणित, मग पाना!