हँबुर्ग : व्यापाऱ्यांनी वाढविलेले बंदर

धान्याच्या वखारीत जन्म घालविलेल्या माणसास परक्या नगराविषयी वाचताना प्रथम एकच प्रश्न सुचतो : तेथे माल कोठे साठवितात आणि त्याची राखण कोण करतो? जर्मनीतील हँबुर्ग या बंदराचा परिचय आम्ही याच वाटेने करून घेतला. तो सभासद बंधुभगिनींपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

हँबुर्ग समुद्रकाठी नाही. एल्बे नदीने समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत जावे, तेव्हा ते लागते. तरीही भरतीचे पाणी तेथवर चढते आणि महासागरावरील जहाजे थेट नगरात येतात. रॉटरडॅम व अँटवर्प यांच्या खालोखाल युरोपातील हे मोठे बंदर असून, अठरा लाखांवर वस्तीचे हे नगर जर्मन संघराज्यातील एक स्वतंत्र घटकराज्यही आहे.

मध्ययुगात ‘हान्सा’ नावाचा व्यापारी नगरांचा संघ होता. हँबुर्ग हे त्याचे प्रमुख नगर. तेथील मोटारींच्या पाट्यांवर आजही ‘एच एच’, म्हणजे ‘हान्सानगर हँबुर्ग’, ही अक्षरे असतात. १५१७ मध्ये तेथील व्यापाऱ्यांनी आपले मंडळ स्थापिले आणि १५५८ मध्ये सौद्यांचा बाजार उभारला. ‘सचोटीचा व्यापारी’ हे बिरुद त्या मंडळाने आजतागायत जपले आहे.

१८८३ पासून तेथे लाल विटांच्या वखारींची एक पेठच उभी राहू लागली. १८८८ मध्ये ती जकातमुक्त बंदराचा भाग म्हणून खुली झाली. लाकडी खांब रोवून त्यांवर उभारलेल्या या इमारतींच्या एका अंगास कालवा, दुसऱ्या अंगास रस्ता. नावेतून आलेली कॉफी, कोको व मसाले चाकावरील दोराने वरच्या मजल्यांवर चढवीत. मालाची वानगी काढणे, वजन करणे, साठवण सांभाळणे ही कामे विश्वासाचे कारागीर मालकाच्या वतीने करीत. मालक दूरदेशी असला तरी वजनात फरक पडू नये, हीच त्यांची पुंजी. या पेठेसाठी सुमारे वीस हजार रहिवाशांना घरे सोडावी लागली, हेही विसरता येत नाही. १९४३ च्या बाँबवर्षावात तिचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, पुन्हा बांधला गेला, आणि २०१५ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला.

परंतु याच नगराने व्यापाऱ्यास एक कठोर धडाही दिला आहे. नळाचे पाणी गाळून देण्याची योजना खर्चाच्या वादात वर्षानुवर्षे रेंगाळली. ऑगस्ट १८९२ मध्ये पटकीची साथ उद्भवली. साथ जाहीर केल्यास बंदर बंद पडेल, या भयाने अधिकाऱ्यांनी ती उघड करण्यास विलंब लावला. साथीत सुमारे ८,६०० माणसे दगावली. लगतच्या आल्टोना गावी पाणी त्याच नदीचे होते, पण ते वाळूतून गाळलेले. ते गाव बहुतांशी बचावले.

हे वाचताना आम्हांस आमचीच वखार आठवली. एका पावसाळ्यात गव्हाच्या एका थप्पीस टोके लागले. गिऱ्हाइकास सांगावे की न सांगावे, या विचारात आम्ही दोन दिवस घालविले. तेवढ्यात शेजारच्या थप्प्याही लागल्या. अखेर सांगितले, नुकसान सोसले, गिऱ्हाईक मात्र टिकले. आमचे नुकसान पोत्यांत मोजता आले. हँबुर्गचे तसे मोजता येत नाही.

या नगराशी आपले आणखी एक नाते आहे. तेथील विद्यापीठात वाल्टर शुब्रिंग यांनी जैन आगमांच्या अभ्यासात आयुष्य वेचले. जैन सिद्धांतावरील त्यांचा ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मागून त्या पीठावर आलेले लुडविग आल्सडोर्फ यांनी पुष्पदंताच्या अपभ्रंश महापुराणातील हरिवंशाचा भाग १९३६ मध्ये हँबुर्ग येथेच प्रसिद्ध केला होता. दहाव्या शतकात पुष्पदंताने ते पुराण ज्या मान्यखेटात रचिले, ते आजचे मळखेड, कलबुर्गीजवळचे. आपल्या शेजारची वाणी इतक्या दूर जपली गेली.

माल येतो आणि जातो. मागे राहते ते वेळेवर बोललेले सत्य. नव्या वर्षाची चोपडी उघडताना आपल्या मुलांना एवढे सांगितले, तरी या परिचयाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.