भाताच्या ताटातील सोयाबीन : जपानी आहारपद्धती आणि हिरव्या शेंगांचा वाफा

भिलाईच्या स्मृतिनगरातील स्वयंपाकघर आणि जपानमधील खेड्यातील स्वयंपाकघर यांत एक मूलभूत साम्य आहे. दोन्हीकडे मुलूख धानाचा आणि ताटाचा पाया भाताचा. फरक पडतो तो भातासोबत काय वाढले जाते यात.

जपानच्या पारंपरिक आहारपद्धतीला, म्हणजे ‘वाशोकु’ला, युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तिच्याविषयी आपल्याकडे जे सांगितले जाते त्याचा भर बहुधा समुद्री मासे, समुद्रशैवाल आणि हिरवा चहा यांवर असतो. दुर्ग वा गोंदिया जिल्ह्यातील कुटुंबाला त्याचा उपयोग थोडाच. घेण्याजोगी आहे ती ताटाची रचना : भात, एक सार आणि तीन लहान तोंडीलावणी. यालाच तेथे ‘इचिजू सानसाई’ म्हणतात. भात बेताचा, सोबतचे पदार्थ वेगवेगळे, आणि त्यांत कोठेतरी सोयाबीन हमखास असते. कधी ते साराच्या ‘मिसो’त, कधी ‘टोफू’त, तर कधी ‘एदामामे’ म्हणजे उकडलेल्या हिरव्या शेंगांच्या रूपात येते.

आपल्याकडे सोयाबीनची वाट वेगळी आहे. दुर्ग, बेमेतरा, राजनांदगाव आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात हे पीक घेतले जाते. परंतु माल मळणीनंतर थेट बाजारात जातो, तेल गाळले जाते आणि पेंड कोंबडीखाद्याकडे वळते. सुमारे 40 टक्के प्रथिने असलेले धान्य पिकविणाऱ्याच्याच घरात ते क्वचित शिजते. जपानी शेतकरी घरापुरते सोयाबीन धानाच्या बांधावर लावत असे. भंडारा-गोंदियाकडे धुऱ्यावर तूर लावली जाते, त्याच जातीची ही रीत आहे. म्हणून सुरुवात हिरव्या शेंगांपासून करणे सोयीचे. त्यासाठी यंत्र नको, विरजण नको.

शेंगेतील दाणे भरून आले, पण शेंग हिरवीच आहे, अशा अवस्थेत तोडणी करावी. ही अवस्था फार तर आठवडाभर टिकते. त्यानंतर दाणा कडक होतो आणि गोडी जाते. भाजीच्या सोयाबीनसाठी रांची येथील केंद्राने विकसित केलेला ‘स्वर्ण वसुंधरा’ हा वाण उपलब्ध आहे. कोणत्याही वाणाच्या शेंगा कच्च्या खाऊ नयेत. कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिन-रोधक घटक प्रथिनांचे पचन अडवतो आणि तो उष्णतेने निष्प्रभ होतो. त्यामुळे शेंगा उकळत्या पाण्यात दाणा मऊ होईपर्यंत शिजवाव्यात.

खरी अडचण फवारणीची आहे, आणि विस्तार कार्यकर्त्यांनी नेमके येथे लक्ष द्यावे. चक्रीभुंगा, उंटअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी यांच्यासाठी होणाऱ्या फवारण्या बहुधा फुलोरा ते शेंगा भरणे या काळात येतात. दाण्यासाठी घेतलेल्या पिकात त्यानंतर काढणीपर्यंत बरेच दिवस मिळतात. हिरवी शेंग मात्र मळणीच्या तीन-चार आठवडे आधीच तोडली जाते आणि लेबलवरील प्रतीक्षा कालावधी तेव्हा पुरा झालेला नसतो. नेहमीच्या फवारलेल्या शेतातून ओंजळभर शेंगा घरी नेणे म्हणूनच धोक्याचे आहे. मुलांसाठी तर अधिकच.

उपाय साधा आहे. घराजवळ, मुख्य पिकापासून दूर आणि शक्यतो वाऱ्याच्या वरच्या बाजूस, गुंठाभर वाफा वेगळा ठेवावा. एवढ्या क्षेत्रात हाताने केलेले नियंत्रण पुरते. चक्रीभुंग्याने दोन खापा पाडून सुकवलेला देठ वा फांदी खालच्या खापेच्या खालून तोडून नष्ट करावी. जाळीदार झालेली पाने त्यांवरील अळ्यांच्या पुंजक्यासह खुडावीत. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी पक्षिथांबे आणि 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा. धुऱ्यावरची लागवड मोहक वाटली तरी शेजारच्या धानावरील फवारा तेथवर पोहोचतो, हे विसरू नये.

नागानो प्रांतातील लोक धानशेतातील टोळ शिजवून खात असत. धानावर कीटकनाशके आल्यावर टोळ घटले आणि तो पदार्थही दुर्मीळ झाला. बस्तरमधील लाल मुंग्यांची चटणी अजून टिकून आहे.

जपानचे सारेच अनुकरणीय नाही. मिसो, सोयासॉस आणि लोणची यांमुळे तेथील आहारात मीठ फार. त्याच नागानोत पक्षाघाताचे मृत्यू एके काळी चिंताजनक होते. 1980 च्या दशकात तेथे मीठ कमी करण्याची मोहीम घरोघरी नेण्यात आली, सारात भाज्या वाढवून मिसो घटविण्यात आला. पुढे हाच प्रांत दीर्घायुष्यासाठी ओळखला जाऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढ व्यक्तीस दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे, अशी आहे. लोणचे-पापड असलेल्या ताटात ती सहज ओलांडली जाते. हिरव्या शेंगा उकडताना मीठ घालण्याची जपानी प्रथा आपल्याकडे टाळलेली बरी. वरून लिंबू आणि थोडे भाजलेले जिरे पुरेसे होते.