मद्रासेत सापडलेला लघुग्रह

लघुग्रहांचा पाठ बहुधा एका वाक्यात संपतो : मंगळ व गुरू यांच्या दरम्यान असंख्य लहान गोल सूर्याभोवती फिरतात. मुले वाक्य पाठ करतात. परंतु इतके क्षुद्र गोल मनुष्यास सापडले कसे, ही त्यांची जिज्ञासा अतृप्तच राहते. पहिला लघुग्रह सीरिस १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावर पियाझ्झी यांना दिसला. तथापि आपल्या देशातील उदाहरण मुलांस अधिक जवळचे वाटेल.

नॉर्मन पॉग्सन हे १८६१ साली मद्रास वेधशाळेत शासकीय ज्योतिर्विद म्हणून आले. त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांना ६७ वा लघुग्रह आढळला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच. म्हणून त्याचे नाव ‘एशिया’ ठेवण्यात आले. त्या काळी या कामी छायाचित्रणाचे साहाय्य नव्हते. दुर्बिणीतही लघुग्रह ताऱ्यासारखा ठिपकाच दिसतो. मात्र तारे परस्परांपासून जागा बदलत नाहीत, लघुग्रह बदलतो. म्हणून आकाशाचा एकच भाग रात्रीमागून रात्री नकाशाशी ताडून पाहावा लागे.

हे वर्गात करून दाखविणे सोपे आहे. शिक्षकांनी फळ्यावर पंचवीस-तीस ठिपके काढून मुलांकडून पाटीवर उतरवून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी एकच ठिपका चार बोटे सरकवावा व तो ओळखण्यास सांगावे. ज्याने ठिपके निष्काळजीपणे उतरविले, तो भलत्याच ठिपक्यावर बोट ठेवील. नकाशा चुकला की शोधही चुकतो, हे त्यास वेगळे सांगावे लागणार नाही.

एशियाचा व्यास सुमारे साठ किलोमीटर, म्हणजे तासगावाहून कोल्हापूर सरळ रेषेत जितके दूर, त्याहून थोडा अधिक. सूर्याभोवती एका फेरीस त्यास सुमारे पावणेचार वर्षे लागतात. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तेव्हा मुलांस तसे आश्वासन देऊ नये. लघुग्रह म्हणजे फुटलेल्या ग्रहाचे तुकडे, ही जुनी समजूतही सांगू नये. या पट्ट्यातील सर्व लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान चंद्राच्या वीस भागांतील एका भागाहून कमीच भरते.

ठिपके ताडण्याचे हेच काम आता कॅमेरा व संगणक करतात. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या झ्विकी शोधप्रकल्पास जानेवारी २०२० मध्ये संपूर्णपणे शुक्राच्या कक्षेच्या आत फिरणारा पहिला लघुग्रह अशाच रीतीने मिळाला. तेव्हा त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ साली, तासगावाहून फार दूर नसलेल्या कुरुंदवाड येथे झाला.