कार्ड पुसण्याआधी

गॅदरिंग जवळ आलं की वर्गात एक प्रश्न हमखास निघतो, "शूटिंग कोण करणार?" मग कुणाच्या तरी मामाचा कॅमेरा येतो, नाहीतर कराडातून एका दिवसाच्या भाड्यावर आणला जातो, आणि तो खांद्यावर घ्यायला सगळेच पुढे. महिन्याभरानं विचारा, फुटेज कुठं आहे? सगळे एकमेकांकडे बघतात. आम्हीही त्यातलेच होतो, म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी आगाशिवच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांवर पंधरा मिनिटांची फिल्म करायचं ठरवलं. मलकापुरात राहणाऱ्यांना ती लेणी म्हणजे घरामागची. जखिणवाडी गाठायची आणि चढायला लागायचं. कॅमेरा भाड्यानं घेताना आम्ही एकच विचारलं, "फोर-के आहे ना?" विचारायला हवं होतं ते वेगळंच. बॅटऱ्या किती देणार? कार्ड कुठलं? चांगला माइक जोडायला एक्सएलआर सॉकेट आहे का? एनडी फिल्टर आत बसवलेला आहे का?

एनडी म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल. तो का लागतो हे आम्हाला डोंगरावर दुपारी बारा वाजता कळलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. म्हणून स्टेजवर २५ फ्रेम्स आणि शटर १/५० हे आपल्याकडचं बिनघोर सेटिंग, नाहीतर चित्रात काळे पट्टे फिरताना दिसतात. लेण्यात ट्यूब नाही हे खरं, पण हालचाल डोळ्याला सहज वाटावी म्हणून तिथंही शटर तेच ठेवावं. आता उन्हात १/५० वर सगळं पांढरं फटक होतं. शटर वाढवलं तर चालणारा माणूस तुटक दिसतो. तीन स्टॉपचा एनडी लावला की आठातला एकच भाग उजेड आत येतो आणि काम होतं. आवाजाचं तर विचारूच नका. कॅमेऱ्यावरच्या माइकात माणसापेक्षा वाराच जास्त बोलला. (दहा रुपयांचा स्पंज वाचवला होता आम्ही!)

आता गणित. कॅमेऱ्यावर '१०० एमबीपीएस' लिहिलेलं असतं ते मेगाबिट. आठनं भागा, साडेबारा मेगाबाइट सेकंदाला, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. कार्डावर 'व्ही ३०' असेल तर ते सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइटचा वेग धरतं, म्हणजे इथं भागतं. आणि भरलेलं कार्ड जुन्या यूएसबी २ च्या रीडरमधून कॉपी करायला अर्धा-पाऊण तास जातो. हा अर्धा-पाऊण तास कुणीच शेड्यूलमध्ये धरत नाही. सगळा घोटाळा इथंच होतो.

मिनीडीव्ही कॅसेटच्या काळात हा प्रश्न कमी होता. साठ मिनिटांची कॅसेट भरली, लेबल चिकटवलं, कपाटात गेली. कॅसेट हीच मूळ प्रत. कार्ड मात्र पाटीसारखं, उद्याच्या शूटिंगला पुसावंच लागतं.

आमचं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी गावातले एक आजोबा आमच्याबरोबर वर आले आणि लहानपणी पावसात शेळ्यांसकट एका लेण्यात काढलेल्या रात्रीची गोष्ट त्यांनी सांगितली. वीस मिनिटं, एका दमात. रात्री रूमवर कॉपी लावली, जेवायला गेलो, आलो तर खिडकी बंद झालेली. "झालं वाटतं," मी म्हणालो. ते 'वाटतं' महागात पडलं. सकाळी डोंगरावर कार्ड फॉरमॅट केलं, चाळीस मिनिटं नवीन शूटिंग केलं. रात्री पाहतो तर आजोबांची फाइल अर्धवट, उघडतच नाही. केबल हलली असावी.

फॉरमॅट केल्यावर डेटा लगेच जात नाही, बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. तिथंच थांबलो असतो तर फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरनं बरंच काही परत आलं असतं. आम्ही त्याच्यावरच नवीन लिहून मोकळे.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. भरलेल्या कार्डाची लॉकची खिट्टी लगेच सरकवायची. कार्डातलं संपूर्ण फोल्डर जसंच्या तसं उचलायचं. फक्त व्हिडिओच्या फाइली वेचायच्या नाहीत, कारण मोठा शॉट कॅमेरा तुकड्यांत लिहितो आणि तुकडे जोडण्याची माहिती बाजूच्या फाइलीत असू शकते. फोल्डरला तारीख आणि कार्ड नंबर. प्रती दोन, वेगवेगळ्या डिस्कवर, आणि रात्री दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत. मग चेकसम. परीक्षेला आपण सीआरसी लिहून मार्क घेतो, तोच भाऊबंद: फाइलमधल्या सगळ्या बिट्सवरून काढलेला आकडा, एक बिट बदलला तरी बदलतो. लिनक्सवर एमडी५सम चालवा. कार्डाचा आकडा आणि दोन्ही प्रतींचा आकडा जुळला, शेवटची क्लिप शेवटपर्यंत चालवून पाहिली, की मगच फॉरमॅट. तेही कॅमेऱ्यातच करावं, लॅपटॉपवर नको.

'एवढं कशाला' म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा ठेवा त्यात गेला. तिकडे अनेक वर्षं जपलेल्या रिळांची ही गत, आपली तर साधी डिस्क! शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आपण इंजिनीअर होणार, आपल्याला निदान भाड्याच्या कॅमेऱ्यातली फाइल तरी सांभाळता यावी.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा आजोबांकडे गेलो. खरं काय ते सांगितलं. रागावले नाहीत, चहा दिला, वरही आले. पण कॅमेरा सुरू झाल्यावर म्हणाले, "अरं, मागच्या वेळी सांगितलं की समदं." चार मिनिटांत गोष्ट संपली. शेळ्या आल्या, पाऊस आला, रात्र काही आली नाही. फिल्ममध्ये आहेत ती हीच चार मिनिटं.