आकडा कोणाचा, कधीचा, कशावरून?

समजा तुम्ही भोर किंवा वेल्ह्याच्या शाळेत आहात आणि विज्ञान प्रदर्शनासाठी तुमच्या गटाने ‘आपल्या परिसरातील किल्ले व धरणे’ हा विषय घेतला आहे. तक्त्यावर पहिलीच नोंद करायची आहे ती राजगडाच्या उंचीची. मोबाइलवर शोधले तर एका संकेतस्थळावर १३७६ मीटर सापडते, दुसऱ्यावर १३९४ मीटर. गड तर एकच! मग तक्त्यावर काय लिहायचे? जे पान आधी उघडले ते? की ज्याची चित्रे सुरेख आहेत ते?

प्रयोगशाळेत आपण कोणतेही मापन असे डोळे मिटून स्वीकारत नाही. उपकरण कोणते, शून्यत्रुटी किती, वाचन कोणी व किती वेळा घेतले, हे विचारतो. संकेतस्थळावरील माहितीलाही हीच शिस्त लावायची आहे. ती कशी ते पाहू.

पहिला प्रश्न : माहिती कोण देत आहे?

पानाच्या तळाशी किंवा ‘आमच्याविषयी’ या भागात लेखकाचे वा संस्थेचे नाव आहे का, हे पाहा. नाव असेल तर त्या विषयाशी त्यांचा संबंध काय, याचा विचार करा. उंचीचे मापन करणे हे भारतीय सर्वेक्षण विभागाचे काम आहे. धरणातील पाण्याची नोंद ठेवणे जलसंपदा विभागाचे. हॉटेलची जाहिरात करणारे पानही गडाची उंची देते, पण ती मोजलेली नसते, कोठून तरी घेतलेली असते. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असेल तर ते पान सरकारी आहे एवढे कळते. मात्र सरकारी पानही जुने असू शकते. म्हणून पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

दुसरा प्रश्न : माहिती कधीची आहे?

एका पानावर राजगड ‘वेल्हे तालुक्यात’ आहे असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यावर ‘राजगड तालुक्यात’. यांत खोटे कोणीच नाही. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. त्यापूर्वी लिहिलेल्या पानावर जुने नाव असणारच. तसेच, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत राजगड आहे, शेजारचा तोरणा नाही. २०२३ सालच्या पानावर हे सापडणार नाही. उलट, ‘तोरणाही या यादीत आहे’ असे कोणी लिहिले असेल तर वाद घालत बसू नये. युनेस्कोच्या संकेतस्थळावरील मूळ यादीच उघडून पाहावी. मूळ कागद हाती येत असताना सांगोवांगीवर विसंबण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न : हे कशावरून?

तोरण्याची उंची १४०३ मीटर असल्याचे अनेक पाने सांगतात. काही पाने ४६०३ फूट म्हणतात. १४०३ ला ३.२८०८ ने गुणा. उत्तर ४६०३ येते. म्हणजे हे दोन पुरावे नव्हेत, एकाच आकड्याची दोन रूपे आहेत. दहा पानांनी एकमेकांची नक्कल केली असेल तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो. एकाच सदोष मोजपट्टीने दहा वेळा लांबी मोजली तरी दहाही वेळा तीच चूक येते, तसाच हा प्रकार आहे. शब्दन्‌शब्द सारखी वाक्ये दिसली की नक्कल झाली आहे असे समजावे.

आता राजगडाकडे वळू. दोन आकड्यांत १८ मीटरांचा फरक आहे. त्याचा निकाल आपणच लावू शकू का? उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो व पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण ३०० मीटरला हा उत्कलनबिंदू १ अंश सेल्सिअसने उतरतो. तेव्हा १८ मीटरना फरक पडेल अवघा ०.०६ अंश! शाळेतल्या तापमापीवर तो दिसणारच नाही. दाबाचा फरक मात्र सुमारे १.९ हेक्टोपास्कल येतो. काही मोबाइल फोनांत दाबमापक असतो, त्याला एवढा फरक कळतो. परंतु येथेही एक मेख आहे. आपल्या भागात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो व दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि हा चढउतारही दोन-चार हेक्टोपास्कलचा असतो. म्हणून एक गट पायथ्याशी, ज्या ठिकाणाची उंची नकाशावर दिलेली आहे अशा जागी, आणि दुसरा गट माथ्यावर, असे एकाच वेळी वाचन घेतले पाहिजे.

फोन उपग्रहांच्या साहाय्याने थेट उंची दाखवतो, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. उपग्रहाची प्रणाली पृथ्वीचा जो गणिती आकार गृहीत धरते, तो आणि प्रत्यक्ष समुद्रसपाटी यांत आपल्या भागात ६० मीटरांहून अधिक अंतर आहे. काही अ‍ॅप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. शिवाय राजगडाला पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि वर बालेकिल्ला आहे. उंची नेमकी कोणत्या जागेची, हे न सांगणारा आकडा अपुराच म्हटला पाहिजे.

चौथा प्रश्न : हे शक्य तरी आहे का?

भोरजवळचे भाटघर धरण घ्या. त्याची साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, आणि १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. भागाकार केला की सुमारे ६६.६ कोटी घनमीटर येतात. आता समजा, एखाद्या पानावर ‘साडेतेवीस अब्ज घनमीटर’ असे छापले आहे. कोयना धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे २९७ कोटी घनमीटर आहे. तेव्हा त्या पानाच्या म्हणण्याप्रमाणे भाटघर कोयनेच्या आठपट मोठे ठरेल! लिहिणाऱ्याने घनफुटाच्या जागी घनमीटर घातले, हे कागद-पेन्सिलीने दोन मिनिटांत उघड होते.

ही सारी तपासणी केवळ गुणांसाठी आहे असे मात्र समजू नका. पानशेत धरण वेल्ह्याच्याच मुलखात, आंबी नदीवर आहे. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. ती आठवण या खोऱ्यात अजून जिवंत आहे. म्हणूनच पावसाळ्यात ‘धरणाला तडा गेला’ असा मजकूर मोबाइलवर आला की माणसे घाबरतात आणि तो पुढे धाडतात. अशा मजकुराला हेच चार प्रश्न विचारा. त्यात धरणाचे नाव, तारीख व वेळ आहे का? विसर्ग किती क्युसेक ते दिले आहे का? छायाचित्र याच वर्षीचे आहे का? जलसंपदा विभागाने किंवा जिल्हा प्रशासनाने तसे कळवले आहे का? उत्तरे मिळेपर्यंत मजकूर पुढे पाठवू नये. मात्र नदीचे पाणी डोळ्यांदेखत चढत असेल तर कोणत्याही पानाची वाट न पाहता, मोठ्या माणसांना सांगून उंच जागी जावे.

मग तक्त्यावर काय लिहायचे? दोन्ही आकडे लिहा. प्रत्येकापुढे तो कोठून घेतला व कोणत्या तारखेला पाहिला, हे नोंदवा. आणि तुम्ही स्वतः मापन केले असेल तर तिसऱ्या ओळीत ते, त्यातील संभाव्य चुकीसह, मांडा. परीक्षकांना एकच ठाम आकडा दाखवण्यापेक्षा ही नोंद अधिक शास्त्रीय ठरेल.

स्वाध्याय

१. एका पानावर एका डोंगराची उंची ४६०० फूट, तर दुसऱ्यावर १४०२.०८ मीटर आहे. दुसरा आकडा अधिक अचूक आहे का? कारण द्या.

२. तुमच्या गावाविषयीची तीन पाने शोधा. त्यांतील कोणती माहिती स्वतंत्र आहे व कोणती नक्कल, ते ठरवा.

३. रोहिडा किल्ल्याच्या उंचीचे जितके आकडे मिळतील तितके गोळा करा व प्रत्येकाला वरील चार प्रश्न लावा.