हिरडीतून रक्त येत नाही, म्हणून निर्धास्त राहू नये

अहवाल वर्षात आपल्या दंतविभागात एक माता महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलास घेऊन आल्या. मुलाचे तोंड सतत कोरडे पडे व थंड पाण्याने दात ठणकत. घरात कोणास तंबाखूचे व्यसन नाही आणि मुलाच्या हिरड्यांतून कधी रक्तही आलेले नाही, असे त्यांनी आवर्जून सांगितले. तपासणीत तीन दात किडलेले आढळले, हिरड्याही दातांपासून सुटू लागल्या होत्या. डॉक्टर एकांतात बोलले, तेव्हा तो वेप, अर्थात ई-सिगारेट, ओढत असल्याचे कळले. धूर नाही, वास फळांचा. मातेस संशय यावा तरी कसा?

या उपकरणात प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे मिश्रण तापवून त्याची वाफ ओढली जाते. ग्लायकॉल ओलावा शोषून घेते, त्यामुळे तोंड कोरडे पडते. दातांवरील आम्ल धुऊन काढणारी लाळ कमी झाली, आणि त्यात गोड स्वादाच्या वाफेचा चिकट थर बसला, की कीड लागण्यास वेळ लागत नाही.

हिरड्यांची गोष्ट अधिक फसवी आहे. निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आजारी हिरडीतून एरवी रक्त येते व माणूस सावध होतो. येथे ती खूणच दडपली जाते आणि आत दाताचे हाड झिजत राहते. आमचे आयुष्य जमाखर्चात गेले. खतावणीत देणे न दिसणारे खाते आम्हास नेहमीच अधिक धास्ती देते. व्यसन सोडल्यावर काही दिवस हिरड्यांतून रक्त येऊ शकते. रक्तपुरवठा पूर्ववत होऊ लागल्याने तसे घडते. त्यास घाबरून अनेकजण पुन्हा वेप हाती घेतात, हे मात्र दुर्दैव. झिजलेले हाड सहसा आपणहून भरून येत नाही.

भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात २०१९ च्या कायद्याने निषिद्ध आहे. साठवण वगळता अन्य बाबींत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही ही उपकरणे मुलांच्या दप्तरात सापडतात.

यास्तव आम्ही केसपेपरवर तंबाखू, मिश्री व गुटखा यांच्या शेजारी वेपचा रकाना वाढविला आहे. तो रुग्णाने डॉक्टरांसमोर एकट्याने भरावयाचा असतो. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक नोंदणी खिडकीवर लावला आहे.