बंद पडलेला गोबर गॅस पुन्हा चालू करा



गोठ्याशेजारी गवत वाढलेली गोबर गॅसची टाकी आणि घरात मात्र चुलीचा धूर, असे चित्र अनेक गावांत दिसते. विचारले तर "आमच्या गॅसला आता जोर राहिला नाही" असे उत्तर मिळते. पुष्कळदा दोष टाकीच्या बांधकामाचा नसून तिच्या खाण्यापिण्याचा असतो. संयंत्र तरंगत्या टाकीचे असो वा पक्क्या घुमटाचे दीनबंधू असो, ते दावणीच्या जनावरासारखे आहे. रोज, वेळेवर आणि बेताचे खाणे मिळाले तरच ते दूध देते.

गॅस कसा तयार होतो?

हवाबंद टाकीत काही जिवाणू शेण कुजवून आम्ले तयार करतात. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या आम्लांपासून मिथेन बनवतात. गोबर गॅसमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो व तोच जळतो. मिथेन बनवणारे जिवाणू नाजूक असतात आणि सावकाश वाढतात. चार दिवस शेण न टाकता पाचव्या दिवशी चौपट टाकले, तर आम्ल साचते आणि गॅस जळेनासा होतो.

शेणाचा हिशेब

१ घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. गोठ्यात बांधलेल्या बैलाचे किंवा गाईचे १० किलो व म्हशीचे १५ किलो शेण धरावे. दोन बैल, एक गाय व एक म्हैस असल्यास ४५ किलो शेण होते. परंतु जनावरे दिवसभर रानात चरत असतील, तर निम्मेच शेण हाती लागते. अशा घरी २ घनमीटरची टाकी कायम अर्धपोटी राहते. तेथे १ घनमीटरची टाकी पुरे. ती रोज पूर्ण चालली, तर महिन्याला घरगुती गॅसच्या एका सिलिंडरएवढे इंधन मिळते.

याच गॅसवर वीज करता येईल का, असे काही शेतकरी विचारतात. एक युनिट विजेला साधारण पाऊण घनमीटर गॅस लागतो. त्यामुळे घरगुती टाकीचा गॅस शेगडीलाच वापरणे फायद्याचे आहे. वीजनिर्मितीचा विचार मोठ्या गोठ्यांनी करावा.

रोजची कामे

१) ताजे शेण व पाणी समप्रमाणात घ्यावे. गुठळ्या फोडून मिश्रण एकजीव करावे.
२) माती, वाळू, काडीकचरा व गवाणीतील उष्टावळ आत जाऊ देऊ नये. माती तळाशी बसते व काड्यांची वर जाड साय धरते.
३) गोठा धुतलेले साबणाचे किंवा फिनाईलचे पाणी टाकीत सोडू नये. त्याने जिवाणू मरतात.
४) थंडीत जिवाणू मंदावतात. त्या दिवसांत उन्हात तापलेले पाणी वापरावे, शेण दुपारी टाकावे आणि घुमटावर भाताचा पेंढा पसरावा.

बंद टाकी चालू करताना

टाकीत जुने शेणपाणी असेल, तर लांब बांबूने बाहेरूनच साय मोडावी. चालू संयंत्रातील चार-पाच बादल्या मळी विरजणासारखी टाकावी. पहिला आठवडा निम्मे शेण द्यावे व नंतर वाढवत न्यावे. टाकी रिकामी असल्यास ती शेणपाण्याने भरून दोन-तीन आठवडे वाट पाहावी. सुरुवातीचा गॅस जळत नाही. तो विस्तवापासून दूर, मोकळ्यावर सोडून द्यावा.

ज्योत फडफडत असेल, तर नळीत पाणी साचले आहे असे समजावे व ते काढून टाकावे. ज्योत पिवळी असल्यास शेगडीची हवा जुळवून ती निळी करावी. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, पेटत्या काडीने कधीही नाही.

जीव सांभाळा

दुरुस्तीसाठी किंवा गाळ काढण्यासाठी टाकीत स्वतः उतरू नये. टाकी वरून रिकामी दिसली तरी आत प्राणवायू नसतो व विषारी वायू असू शकतो. माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला घाईने उतरणाराही वाचत नाही. हे काम साधने असलेल्या प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावे. मुले व जनावरे पडू नयेत म्हणून शेण टाकण्याचे व मळीचे तोंड झाकून ठेवावे.

मळी म्हणजे दुसरे उत्पन्न

गॅस जळतो तेव्हा शेणातील नत्र जळत नाही, ते मळीत राहते. ५० किलो शेण व तेवढेच पाणी टाकले, तर रोज जवळजवळ १०० किलो पातळ मळी बाहेर येते. ती उन्हात वाळवू नये, नत्र उडून जाते. पाण्याच्या पाटातून पिकाला द्यावी किंवा खड्ड्यात पालापाचोळ्याच्या थरांवर ओतून कंपोस्ट करावे. गोवऱ्या थापल्या, तर शेणातील नत्र चुलीत जाते. संयंत्रातून शेगडीला इंधन आणि शेताला खत, दोन्ही मिळतात.

आजच टाकीभोवतीचे गवत काढा. आठ दिवस शेण मोजून पाहा आणि तेवढेच रोज द्या. गॅस तरीही वाढला नाही, तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला टाकी दाखवा.